एक काळी गोटी

अहो,

तुम्हाला जाऊन आज दहा दिवस झाले. या दहा दिवसांत घरात इतकी माणसं आली, की तुमच्याशी बोलायला मला सवडच मिळाली नाही. आता दुपार आहे. आपली मीनल आत झोपली आहे, विमानप्रवासाचा शीण तिच्या अंगातून अजून गेलेला नाही. मी जेवणाच्या टेबलाशी तुमच्या खुर्चीसमोर वही घेऊन बसले आहे.

काल तिच्या ईराने व्हिडिओ कॉलवर एक प्रश्न विचारला. कॅनडात तेव्हा सकाळ होती. केसांना रबर लावता लावता ती म्हणाली, “आजी, आजोबांना ते जॅकेट का नाही मिळालं?” शेजारून नीलने लगेच सांगितलं, “ममा म्हणते, त्यांच्या फ्रेंडनेच नाही म्हटलं.”

मी म्हटलं, “मला माहीत नाही, बाळा.”

चाळीस वर्षं मी शाळेत काढली, त्यातली बारा मुख्याध्यापिका म्हणून. खोटं बोलणाऱ्या मुलाचा चेहरा मला लांबूनही ओळखता येतो. काल तो चेहरा मोबाइलच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत होता, आणि तो माझा होता.

म्हणून हे लिहिते आहे. बोलते आहे तुमच्याशी, पण वाचणार आहेत ती दोघं. मीनल त्यांना वाचून दाखवील. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेल्याही काही गोष्टी लिहाव्या लागतील, आणि एक अशी, जी तुम्हाला कधीच कळली नाही. किंवा कळली असेल तर तुम्ही मला तसं दाखवलं नाहीत.

मुलांनो, तुमचे आजोबा फ्रीमेसन होते. एकमेकांना बंधू म्हणणाऱ्या पुरुषांची ही जुनी संस्था. तिच्या शाखेला लॉज म्हणतात. त्यांच्या खुणा, त्यांचे विधी ते बाहेर सांगत नाहीत. शाळा, दवाखाने यांना मदत करतात, तीही गाजावाजा न करता. वसईजवळच्या होळी गावातल्या आमच्या आळीत एकेकाळी बोललं जायचं, की हे महिन्यातून एकदा मुंबईला जाऊन कवटीची पूजा करतात. मला एवढंच माहीत होतं, की महिन्यातून एकदा काळा सूट आणि पांढरे हातमोजे इस्त्री करून चपट्या पेटीत ठेवायचे आणि काही विचारायचं नाही. परत येताना, अहो, तुम्ही लॉजच्या जेवणातला केकचा एक तुकडा कागदी रुमालात गुंडाळून माझ्यासाठी आणायचात. पेटीतच ठेवायचात. त्यामुळे तुमच्या हातमोज्यांना कायम केकचा वास. तीस वर्षं तो तुकडा ठरलेला. एकदाच चुकला, त्याबद्दल पुढे लिहिते.

सदुसष्टाव्या वर्षी तुम्ही मोटारसायकल घेतलीत. मला न विचारता. एका संध्याकाळी फाटकाशी आवाज झाला, मी बाहेर आले, तर तुम्ही त्या काळ्या धुडावर बसलेले, आणि मागे हरेश्वर हसत उभा.

“वैनी, ओवाळा पोराला,” तो म्हणाला. “नवी गाडी हाय.”

“पोराचे गुडघे बघून घेतलेत का?” मी विचारलं.

“गुडघं मी बघून घेतो. इंजिनाचंच काम माजं.”

हरेश्वर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. आपल्या विहिरीवरचा पंप बिघडला म्हणून चाळीस वर्षांपूर्वी आला, तो दर रविवारी मासळी घेऊन येतच राहिला. लॉजमध्ये त्याला तुम्हीच नेलंत. आणि आता तो तुम्हाला नेत होता. फ्रीमेसनांमधल्या मोटारसायकल चालवणाऱ्यांनी आपला एक वेगळा संघ केला होता; वसई-विरारमध्ये त्याचे अकराजण. रविवारी सकाळी एकत्र निघायचे. कुठल्या मयत बंधूची बायको एकटी राहत असेल तर तिचा नळ दुरुस्त करून दे, औषधं पोचव, बँकेत घेऊन जा. हे मला आत्ता, तुम्ही गेल्यावर, त्यांच्याकडून कळलं. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “फिरायला जातो.” न सांगण्याची तुम्हाला इतकी सवय झाली होती, की सांगण्यासारखंही तुम्ही सांगितलं नाहीत. मला वाटलं, म्हातारपणी पोरकटपणा सुचला आहे.

वर्षभर उमेदवारी करायची, सगळ्यांच्या मागे गाडी ठेवायची, आणि मग मतदान. उमेदवार पसंत पडला तर त्याला काळं बिनबाह्यांचं जॅकेट. पाठीवर गवंड्याचा गुण्या आणि कर्कटक हे फ्रीमेसनांचं चिन्ह शिवलेलं. मतदान त्यांच्या लॉजच्या जुन्या पद्धतीनेच. प्रत्येकाने पेटीत एक गोटी टाकायची, पांढरी किंवा काळी. एक जरी काळी निघाली तरी नाव थांबलं. कोणी टाकली ते विचारायचं नाही, आणि ज्याने टाकली त्याने सांगायचं नाही. कायमचं.

त्या वर्षभरात तुम्ही मला एकदाच मागे बसवलंत. भुईगावच्या किनाऱ्यापर्यंत. मी काष्टा घातल्यासारखी साडी खोचली, हेल्मेटमध्ये माझा अंबाडा मावेना. सुरूच्या झाडांमधून रस्ता वळला तेव्हा तुम्ही मान किंचित वळवून विचारलंत, “आवडलं का?”

“कंबर धरली,” मी म्हणाले.

आवडलं होतं. इतकं आवडलं होतं, की पुन्हा बसायची मला भीती वाटली. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मग श्रावणातली ती सकाळ. तुम्ही विहिरीवरचा पंप चालू करायला गेलात. मी तुळशीपाशी होते. तुम्ही पाइप धरलात, सोडलात, आणि उभ्या जागी खाली घसरलात. मी धावत आले तेव्हा डोळे उघडे होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. मग एकदम दिसले.

“किती वेळ?” तुम्ही विचारलंत.

“अर्धं मिनिट.”

“म्हणजे काही नाही.”

“डॉक्टरांकडे आत्ताच जायचं.”

“मतदान होऊ दे. मग जाऊ.” तुम्ही चिखलातच बसून होतात. माझं मनगट इतकं घट्ट धरलंत, की बांगडी रुतली. “कोणाला सांगायचं नाही. मीनललाही नाही. वचन दे.”

मी दिलं. चव्वेचाळीस वर्षांत तुम्ही मला सांभाळायला दिलेलं हे एकच गुपित. हातमोजे इस्त्री करणाऱ्या बाईला शेवटी एक गुपित मिळालं, याचा मला, खरं सांगते, क्षणभर अभिमानही वाटला.

आठवड्याभराने तुम्ही संघाचा फॉर्म घेऊन याच टेबलाशी बसलात. फिट, चक्कर, दृष्टिदोष यांपैकी काही त्रास आहे का? तुम्ही तुमच्या सरळ, उभ्या अक्षरात ‘नाही’ लिहिलंत. खाली घरच्या व्यक्तीच्या सहीची जागा होती. तुम्ही कागद माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, “बाई, स्पेलिंग बघा आणि सही करा.”

स्पेलिंग बरोबर होती. मी सही केली. पेन खाली ठेवताना माझ्या लक्षात आलं, की तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. आपण दोघांनी मिळून एक खोटा कागद केला होता, आणि दोघांनाही तो फाडता येत नव्हता.

त्यानंतर मला झोप नव्हती. हायवेवरचे ट्रक डोळ्यांपुढे यायचे. तुम्ही, तुमच्या मागे कोणाची तरी सून मुलाला घेऊन स्कूटरवर, आणि ते अर्धं मिनिट. मतदानाच्या चार दिवस आधी, तुम्ही बँकेत गेलात तेव्हा, मी रिक्षा करून पाचूबंदरला गेले.

मासळीचा लिलाव नुकताच संपला होता. बायका टोपल्या धूत होत्या. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. हरेश्वर त्याच्या शेडमध्ये एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. मला बघून तो उठलाच.

“वैनी? तुमी इकडं? भाऊला काय झालं?”

मी सगळं सांगितलं. विहीर, अर्धं मिनिट, फॉर्म, माझी सही. तो फडक्याने हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

“मंग भाऊला सांगा ना. फारम मागं घे म्हनावं.”

“ते ऐकणार नाहीत. आणि कोणाला सांगणार नाही असं मी वचन दिलंय.”

“मला तर सांगितलंत.”

“हो.”

“काय करू म्हनता मी?”

मी तोंडाने म्हणाले नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं.

“माज्या हातानं? वैनी, मी त्याचं नाव आनलंय. मी.” त्याचा आवाज चढला तशा टोपल्या धुणाऱ्या बायका बघायला लागल्या. “चालीस वर्सं त्याच्या घरात जेवतो मी!”

“म्हणूनच तुमच्याकडे आले. उद्या रस्त्यावर काही झालं, तर मीनलला फोन कोण करणार? तुम्ही करणार का?”

तो खाली बसला. हातातलं फडकं त्याने इंजिनावर टाकलं.

“मी टाकली, तर त्यो मला कदी इचारनार नाय,” तो म्हणाला. “आनि मी कदी सांगनार नाय. आमचा नियमच हाय त्यो. पन तुमचं काय? तुमाला नियम नाय.”

“मीही नाही सांगणार.”

“बगा हां, वैनी. मंग आपलं दोगांचं ठरलं.”

मी हो म्हणाले. परत येताना वाटेत पडवळ आणि कोथिंबीर घेतली, म्हणजे बाहेर का गेले होते हे विचारलंत तर दाखवायला काहीतरी असावं. तुम्ही विचारलं नाहीत.

मतदान आचोळ्याला एका बंधूच्या घरी होतं. तुम्ही पांढरा शर्ट घालून गेलात. मी साडेसहापासून फाटकाकडे बघत होते. नऊला आलात. बूट काढून नेहमीसारखे जोडीने ठेवलेत. पेटी टेबलावर ठेवलीत. तिच्यात केक नव्हता.

“एक काळी पडली,” तुम्ही म्हणालात.

“कोणाची?”

तीस वर्षांत लॉजबद्दल मी विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि उत्तर ठाऊक असताना विचारलेला. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की मला वाटलं, आता संपलं.

“असं विचारत नाहीत,” एवढंच म्हणालात. मग हात धुऊन जेवायला बसलात, आणि आमटी वाढता वाढता मला ऐकू आलं, “हरेश्वर तिथे जेवायलाही थांबला नाही, लगेच निघाला.”

पुढच्या रविवारी तो नेहमीप्रमाणे मासळी घेऊन आला. मी दारात गेले. तुम्ही आतून, पेपर खाली न करता, मोठ्याने सांगितलंत, “त्याला सांग, आज आपल्याकडे उपास आहे.”

“रैवारचा?” हरेश्वर हसला. मग त्याचं हसू गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. तो पायरीवर ताज्या बोय मासळीची पिशवी ठेवून गेला, आणि तुम्ही ती मला शेजारच्या घरी द्यायला लावलीत. असं तीन रविवार. चौथ्या रविवारी तो आला नाही.

मला वाटलं होतं, नाव थांबलं की तुम्ही गाडी विकाल. माझी सगळी आखणी या एका गोष्टीवर होती, आणि तीच चुकली. संघाबरोबर तुम्ही जायचात तेव्हा अकराजण सोबत असायचे. कोणालाही एकटं सोडायचं नाही, हा त्यांचा दंडक. आता तुम्ही एकटे जायला लागलात. रोज सकाळी, रानगावच्या समुद्रापर्यंत आणि परत. ज्या भीतीने मी तुमचं नाव पाडलं, ती भीती मीच दुप्पट करून घरात आणली. पंचवीस मिनिटं लागायची. सव्विसाव्या मिनिटाला मी फाटकाशी जाऊन अनंताची फुलं तोडत उभी राहायचे. झाडावर फुलं नसली तरी.

“बाई हजेरी घेतायत,” तुम्ही गाडी आत घेताना म्हणायचात.

हजेरीच होती ती. रोज तुम्ही हजर आहात, एवढं बघून मी आत जायचे आणि चहा टाकायचे. त्या चहाच्या वेळी रोज वाटायचं, आज सांगावं.

“डॉक्टरांकडे जाऊ या ना,” मी म्हणायचे. तुम्ही म्हणालात, “आता कशाला? आता कोणाला दाखवायचंय?” हे वाक्य मी विसरू शकत नाही. शेवटी जानेवारीत हट्टाने नेलं. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. मी त्या वेळेवर दिल्या, तुम्ही वेळेवर घेतल्यात. पण मधले ते चार-पाच महिने कोणी परत देणार नाही, आणि ते माझ्या नावावर आहेत.

तुम्ही जाण्याआधीच्या आठवड्यात, दुपारी आंबे कापत असताना, तुम्ही अचानक विचारलंत, “हरेश्वरने असं का केलं असेल, तुला काय वाटतं?”

सुरी माझ्या हातात होती. मी म्हणाले, “त्यांनाच विचारा.”

“विचारायचं नसतं.”

“मग मला का विचारता?”

तुम्ही खूप वेळ माझ्याकडे बघत राहिलात. रागाने नाही. परीक्षेत वेळ संपत आल्यावर मी एखाद्या हुशार मुलीकडे बघायचे, तसे. हिला उत्तर येतं, लिहीत का नाही? मग तुम्ही बाठ उचललीत आणि चोखायला लागलात. “गोड आहे,” म्हणालात.

मी तेव्हाही बोलले नाही. तुम्हाला कळलं होतं का हो? दहा दिवस मी ते बघणं पुन्हा पुन्हा आठवते आहे, आणि उत्तर रोज वेगळं येतं.

तुम्ही गेलात ते गाडीवरून नाही. पडवळाचा मांडव बांधताना, काथ्याची गाठ अर्धी मारलेली. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणतो, “बरं तरी, गाडीवर नव्हते.” दरवेळी मी मान हलवते, आणि दरवेळी मला कळत नाही, की हे माझ्या बाजूने आहे की माझ्याविरुद्ध.

मीनल पोचल्यावर तुम्हाला नेलं, त्या दिवशी ते अकराहीजण आले. आळीच्या वळणावर सगळ्या गाड्या बंद झाल्या. बंधूच्या घरी दुःख असेल तर इंजिनाचा आवाज दारापर्यंत न्यायचा नाही, असा त्यांचा रिवाज आहे. साठी-सत्तरीची माणसं, एवढ्या जड गाड्या हाताने ढकलत एकामागून एक आली. फक्त चाकांचा आणि धापांचा आवाज. हरेश्वर सगळ्यांत शेवटी होता, उमेदवार चालतो त्या जागी. त्याच्या हातात बाभळीची डहाळी होती. त्यांच्यात ती निरोपाची खूण.

तो तुमच्या पायाशी वाकला तेव्हा मीनल पुढे झाली. आदल्या रात्रीपासून तिने पाणीही घेतलं नव्हतं. तुम्ही तिला फोनवर सांगितलं होतंत, की हरेश्वरने माझं नाव पाडलं. तिने आपला हात मध्ये घातला.

“काका, आता कशाला?” ती म्हणाली. “जिवंत होते तेव्हा एक पांढरी गोटी टाकता आली नाही तुम्हाला.”

अंगणात शंभर माणसं असतील. हरेश्वरने माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं, तर कदाचित मी बोलले असते. तो डहाळी हातात घेऊन मागे सरला आणि फाटकाबाहेर आपल्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला, शेवटपर्यंत.

अहो, मी तेव्हा रडत होते, आणि सगळ्यांना वाटलं, तुमच्यासाठी.

सुतक संपेपर्यंत घराबाहेर पडायचं नसतं. तरी आज सकाळी, मीनल उठायच्या आत, मी पुन्हा पाचूबंदरला गेले. पावसाळ्याआधीची कामं चालली होती, बोटी वर ओढून घेत होते. शेडमध्ये बाभळीची ती डहाळी खिळ्याला लावलेली होती, सुकलेली.

“हरेश्वर, आपलं ठरलेलं मी मोडते आहे,” मी म्हणाले. “सगळ्यांना सांगा. मी पाठवलं होतं म्हणून सांगा.”

“काय सांगू? भाऊनं फारमावर खोटं लिवलं म्हनून सांगू?”

“सही माझीही आहे त्याच्यावर.”

“म्हनून तर.” त्याने मला बसायला स्टूल दिलं. “भाऊ गेला, वैनी. त्याला आता उत्तर देता येनार नाय. ज्याला उत्तर देता येत नाय, त्याच्यावर लोकांत बोलायचं नसतं.”

“आणि तुमच्यावर बोलतात ते?”

“माज्यावर बोलू द्या. मी हाय ना ऐकायला.”

मी तिथेच ठरवलं. तुमची अब्रू राखण्यासाठी हा माणूस आयुष्यभर मान खाली घालून चालायला तयार आहे. पण तुमची अब्रू इतकी कच्ची नाही. तुमच्या नातवंडांना कळू दे, की आजोबांनी अडुसष्टाव्या वर्षी एका कागदावर खोटं लिहिलं, कारण त्यांना एक जॅकेट हवं होतं आणि रविवारी सकाळी दुसऱ्यांच्या घरचे नळ दुरुस्त करायला जायचं होतं. आजीला ते माहीत होतं आणि तिने सही केली. मग भीतीपोटी त्यांच्या पाठीमागे जाऊन ते मोडलं. आणि आजोबांच्या मित्राने दोघांचंही झाकलं. ईरा, नील, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आजोबांना जॅकेट मिळालं नाही ते माझ्यामुळे. हात हरेश्वर आजोबांचा होता, काळी गोटी माझी होती.

अहो, मी केलं ते बरोबर की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. भीती खरी होती. पण ती मी तुमच्यासमोर, या टेबलाशी, मोठ्याने बोलायला हवी होती. भांडण झालं असतं. तुम्ही दोन दिवस जेवला नसतात. चव्वेचाळीस वर्षांत आपण किती भांडलो, त्यात आणखी एक. मी तुमच्याशी भांडायचं टाळलं, आणि त्याची किंमत तुमच्याकडून आणि हरेश्वरकडून घेतली. याची माफी मागायला मला उशीर झाला. तरी मागते आहे.

इथपर्यंत लिहून झालं आणि मीनल उठली. तिला चहा दिला आणि समोर बसवून हे सगळं वाचून दाखवलं. पहिल्या शब्दापासून. मी वही मिटली तेव्हा तिचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

“बाबांना चक्कर यायची?”

“एकदा. मला माहीत असलेली.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“नाही.”

“आणि त्या दिवशी अंगणात मी काकांना बोलले, तेव्हा तू शेजारी उभी होतीस.”

“हो.”

ती उठली. मला वाटलं, आत जाईल आणि दार लावून घेईल. तसं केलं असतं तर मी काही म्हणाले नसते. तिने चपला घातल्या.

“कुठे निघालीस?”

“पाचूबंदरला. तू येऊ नकोस, आई. तुझ्याशी मी नंतर बोलणार आहे.” दारातून ती वळली. “बरंच बोलणार आहे.”

ती रिक्षाने गेली. मी घड्याळ बघितलं. जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा. अर्धा तास झाला, पाऊण झाला. तुमची वाट बघताना छातीत जे व्हायचं, तेच होत होतं. फरक इतकाच, की या वेळी माझं मलाच ठाऊक नव्हतं, मी कोणाची वाट बघते आहे.

मग आळीच्या वळणावर मोटारसायकलचा आवाज आला, आणि तिथेच बंद झाला.

मी ओटीवरून खाली उतरले. वळणावरून हरेश्वर येत होता, हँडल धरून गाडी ढकलत. मीनल मागून दोन्ही हात लावून ढकलत होती. तिचे केस सुटलेले, चेहरा रडून सुजलेला. बाभळीची ती सुकलेली डहाळी तिने दातांत धरली होती, कारण हात मोकळे नव्हते. चाकांखाली खडी तेवढी वाजत होती.

मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. अनंत फुलांनी भरला होता. मी एकही तोडलं नाही. फाटक पूर्ण उघडलं, आणि त्यांच्याकडे बघत राहिले.